उतारवयातील अरण्यदर्शन : चांदोली-कोयनेला जाण्यापूर्वी

दिवाळी सरली, घाटातले धुके विरळ झाले की रहिमतपूर परिसरातील अनेक घरांत सहलीचे बेत सुरू होतात. त्या सुमारास माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा सून विचारते, ‘डॉक्टर, आम्ही चांदोलीला जाणार आहोत, बाबांना न्यावे का?’ बाबा शेजारीच बसलेले असतात, पण प्रश्न त्यांना विचारलेला नसतो. उत्तराची वाट मात्र सर्वाधिक आतुरतेने तेच पाहत असतात.

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नसते. वयाचा आकडा हे न नेण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि ‘आमचे आजोबा अजून धडधाकट आहेत’ हा कौतुकाचा उद्गार नेण्याचा आधार होऊ शकत नाही. निर्णय शरीराच्या आजच्या अवस्थेवर, वाटेच्या स्वरूपावर आणि घरातील माणसे एकमेकांशी किती खरे बोलतात यावर अवलंबून असतो. या तिसऱ्या गोष्टीची चर्चा फारशी होत नाही, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आपल्या उंबरठ्यावरचे अरण्य

चांदोली राष्ट्रीय उद्यान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर वसले आहे. १९८५ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१७ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेकडील कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांतील चार स्थळे महाराष्ट्रातील आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. रहिमतपूरहून यांतील पहिल्या तीन ठिकाणी सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येते.

अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, फणस अशा वृक्षांच्या सदाहरित आणि निमसदाहरित राया, त्यांच्या छायेत वावरणारे गवे, फांद्यांवरून झेपावणारा शेकरू, आणि मध्येच उघडणारे कातळाचे सपाट सडे, असे या अरण्याचे रूप आहे. हिमालयातील सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली असतात. सह्याद्रीचा कातळ मात्र लाव्हारसापासून घडला आहे आणि येथील मोठी सरोवरे माणसाने निर्माण केली आहेत. कोयना धरणाचा शिवसागर आणि वारणेवरील चांदोली धरणाचा वसंतसागर हे ते दोन जलाशय. त्यांच्या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या भागातील अनेक ज्येष्ठांना आजही आठवतो. त्यामुळे आपल्याकडील वृद्ध व्यक्तीला ‘कोयना पाहायची आहे’ असे वाटते, तेव्हा त्या इच्छेमागे पर्यटनाहून अधिक काही असू शकते.

उंचीचे भय कोठे बाळगावे

‘डोंगरावर प्राणवायू कमी पडेल’ ही भीती अनेकजण बोलून दाखवतात. चांदोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० ते १,०४५ मीटर आहे. सातारा शहरच सुमारे ७०० मीटरवर आहे. म्हणजे आपली फुप्फुसे ज्या हवेत रोज वावरतात, तिच्याहून ही हवा फारशी विरळ नाही. विरळ हवेमुळे होणारा आजार सामान्यतः २,५०० मीटरच्या वर संभवतो. चांदोली, कोयना, कास, इतकेच काय महाबळेश्वर येथेही त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

हिमालयाची गोष्ट निराळी आहे. अलीकडे आपल्या गावांतूनही ज्येष्ठांचे गट सिक्कीम आणि उत्तराखंडला जातात. उत्तर सिक्कीममधील गुरुडोंगमार हे सरोवर ५,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम निम्मा असतो. फुलांची दरी या राष्ट्रीय उद्यानाजवळील हेमकुंडही ४,००० मीटरच्या वर आहे. अशा ठिकाणी ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे किंवा विश्रांतीतही धाप लागणे यांपैकी काही जाणवले, तर आणखी वर न चढता खाली उतरावे. खाली उतरणे हाच मुख्य उपचार आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांनी अशा सहलीचे पैसे भरण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, पैसे भरल्यानंतर नव्हे.

सह्याद्रीत धोका विरळ हवेचा नाही. तो घसरण्याचा, तहानेचा, चुकलेल्या गोळीचा आणि रुग्णालयापासूनच्या अंतराचा आहे. हे चारही धोके पूर्वतयारीने बऱ्याच अंशी टाळता येतात.

लपवलेली तक्रार

काही वर्षांपूर्वी शहात्तर वर्षांच्या एक आजी मुलासह आल्या होत्या. त्यांचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना गाव उठले आणि नंतर पाण्याखाली गेले. बामणोलीला जाऊन ते पाणी एकदा पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाचा विरोध होता. ‘या वयात घाटातला प्रवास कशाला?’ हे त्याचे म्हणणे. आजी मात्र ठामपणे सांगत होत्या, ‘मला काही होत नाही.’

तपासणीत पायांवर सूज आढळली. रात्री किती उशा घेता, असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तीन.’ पूर्वी एक पुरत असे. उताणे झोपले की दम लागत होता, आणि तो दोन महिन्यांपासून लागत होता. घरात कोणालाही ठाऊक नव्हते. ‘दम लागतोय म्हटलं असतं, तर पोरांनी मला नेलंच नसतं की, डॉक्टर,’ असे त्या सहज बोलून गेल्या.

या एका वाक्यात अनेक घरांतील परिस्थिती सामावलेली आहे. ज्येष्ठ व्यक्ती आजार लपवते, कारण तक्रार सांगितली की काहीतरी काढून घेतले जाते हा तिचा अनुभव असतो. आधी सायकल जाते, मग एकट्याने बाजारात जाणे जाते, मग प्रवास जातो. घरचे लोक हे प्रेमापोटीच करतात. परंतु परिणाम असा होतो की, ज्या लक्षणावर वेळीच उपचार झाले असते ते अंधारात वाढत राहते. आजींच्या हृदयाची क्षमता कमी झाली होती. तज्ज्ञांकडून औषधे सुरू झाली, सूज उतरली, उशी पुन्हा एकीवर आली. पुढे जानेवारीत तो मुलगाच त्यांना बामणोलीला घेऊन गेला. नावेत चढण्याची पायरी उंच असल्याने त्या नावेत बसल्या नाहीत. काठावर खुर्ची टाकून तासभर बसल्या आणि आपले गाव कोणत्या दिशेला होते ते नातवंडांना दाखवले.

म्हणून काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे : प्रश्नाची रचना बदला. ‘तुम्हाला काही त्रास होतो का? होत असेल तर राहू द्या,’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी ‘आपण जायचेच आहे, नीट जाता यावे म्हणून काय काय त्रास होतो ते सगळे सांगा,’ असे म्हणावे. तक्रार सांगितल्याने वाट बंद होणार नाही, ती सोपी होईल, हा विश्वास आधी द्यावा लागतो. आणि तो पाळावाही लागतो.

घरच्या घरी करता येणारी पारख

सहलीच्या तीन-चार आठवडे आधी पुढील गोष्टी पाहाव्यात. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, बोलत बोलत, न थांबता चालता येते का? मध्ये न थांबता दोन जिने चढता येतात का? खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येते का? पहिल्या दोन गोष्टी जमत असतील, तर हृदय व फुप्फुसे बेताचे श्रम सोसू शकतात असे साधारणपणे मानता येते. तिसरी जमत नसेल, तर मांड्यांचे स्नायू अशक्त आहेत आणि उतारावर पडण्याचा संभव अधिक आहे असे समजावे.

ही पारख करताना छातीत दडपण किंवा धाप जाणवली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची स्पष्ट अनुमती घेतल्याशिवाय निघू नये.

औषधांचे वेळापत्रक

प्रवासात सर्वाधिक चुकते ती लघवी वाढवणारी गोळी. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने ज्येष्ठ व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, ती गोळी गुपचूप टाळतात. शिवाय सकाळपासून पाणीही पीत नाहीत. गोळी टाळल्याने हृदयाच्या रुग्णाला रात्री धाप लागते. पाणी टाळल्याने चक्कर, मूत्रमार्गाचा दाह आणि कधी भ्रम होतो. यावर उपाय आहे. त्या दिवशी गोळीची वेळ मुक्कामी पोहोचल्यानंतरची ठेवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. वेळ बदलता येते, गोळी गाळू नये. अरण्यातील मार्गावर स्वच्छतागृह मिळेलच असे धरून चालू नये. प्रवेशद्वारापूर्वीच्या गावात थांबून घ्यावे. आवश्यक तेथे प्रौढांचे डायपर वापरण्यात कमीपणा मानू नये.

मधुमेहींच्या बाबतीत जेवणाची वेळ पुढे जाणे धोक्याचे ठरते. सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जंगलातील फेरीमुळे जेवण दोनऐवजी चार वाजता झाले, तर साखर उतरते. घाम सुटणे, हात थरथरणे, अकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. ग्लुकोजची पूड किंवा साखर रुग्णाच्या स्वतःच्या खिशात असावी. मागच्या गाडीतील पिशवीत असून उपयोग नाही. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये, कारण उन्हात गाडी भट्टीसारखी तापते. थंड पिशवीत ठेवताना ते बर्फाला चिकटू देऊ नये.

रक्तदाबाच्या आणि पौरुषग्रंथीच्या काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरतो. तासभर जीपमध्ये बसल्यानंतर खाली उतरण्यापूर्वी पावले हलवावीत, एक मिनिट कडेवर बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे. दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा आणि उघड्या गाडीतील धुळीपासून नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क बांधावा. सर्व औषधे किमान दोन दिवस पुरून उरतील इतकी घ्यावीत आणि त्यांची यादी मराठीत लिहून सोबत ठेवावी.

गुडघे, कणा आणि डोळे

चढताना दम लागतो, म्हणून चढ कठीण आणि उतार सोपा असा समज आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने नेमके उलटे आहे. उतरताना त्यांच्यावर अधिक भार येतो आणि बहुतेक जण घसरतात तेही उतरतानाच. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. तिची मूठ, हात सरळ खाली सोडला असता, मनगटाच्या रेषेत यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. चप्पल घालून जाऊ नये. टाच धरणारे आणि तळ खडबडीत असलेले बूट वापरावेत. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला एखादा मोठा हिसकाही इजा करू शकतो. कच्च्या रस्त्यावर जीपच्या मागील आसनावर सर्वाधिक हादरे बसतात. ज्येष्ठांना पुढे किंवा मधल्या रांगेत बसवावे, कमरेमागे छोटी उशी द्यावी आणि चालकाला गाडी हळू हाकण्यास आधीच सांगावे.

डोळ्यांचाही विचार हवा. कडक उन्हातून दाट सावलीत शिरताना वयस्कर डोळ्यांना सरावण्यास वेळ लागतो. मोतीबिंदू असल्यास अधिकच. तेथे थोडे थांबूनच पुढचे पाऊल टाकावे. जवळचे व दूरचे एकत्र असणाऱ्या चष्म्यातून पायऱ्या धूसर दिसतात, म्हणून उतरताना मान खाली वाकवून पाहावे किंवा शक्य असल्यास केवळ दूरचा चष्मा वापरावा.

अरण्यातील इतर रहिवासी

पावसाळ्यात ही उद्याने पर्यटकांसाठी बंद असतात, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने तेच योग्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सुरुवातीच्या दिवसांत ओलसर जागी जळवा आढळू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांची जळूची जखम अधिक वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावी.

झुडपांतील अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येऊ शकतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतात बसू नये, आणि परतल्यावर स्नान करून कपडे धुवावेत. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास ‘आम्ही जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगावर कोठे काळी खपली धरलेली छोटी जखम दिसली तर तीही दाखवावी. योग्य औषध लवकर मिळाल्यास हा ताप बरा होतो.

सर्पदंश झाल्यास घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने रक्त ओढणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, तो अवयव न हलवता रुग्णाला आडवे ठेवून सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात तातडीने न्यावे.

सोबत्यांसाठी काही सूचना

प्रवेशाची वेळ, वाहनाची व्यवस्था व सुट्टीचा वार यांची माहिती वनविभागाकडून आधी घ्यावी. चांदोलीत मणदूरकडून प्रवेश करून झोळंबीच्या बाजूस बरेचसे अरण्य वाहनातून पाहता येते. कोयनानगरच्या उद्यानातून धरण दिसते. प्रचितगड किंवा वासोटा यांची चढण तरुणांसाठी सोडावी. ज्येष्ठांना पायथ्याशी एकटे ठेवून सर्वांनी गडावर जाऊ नये. एक समंजस व्यक्ती त्यांच्यापाशी थांबावी.

आतील भागात मोबाइलची रेंज जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती बोलावण्यासाठी फोन लागायला हवा. रेंज शेवटची कोठे मिळाली ते ध्यानात ठेवावे. कोयनानगरहून कऱ्हाडची मोठी रुग्णालये सुमारे साठ किलोमीटर दूर आहेत. हे अंतर लक्षात ठेवून छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे अशा लक्षणांत ‘जरा वेळ पाहू’ असे म्हणत बसू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, आजार व घरच्यांचा क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी. अनोळखी जागी संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो, म्हणून मुक्काम टाळून दिवसाउजेडी परतावे.

मग जायचे कशासाठी?

एवढ्या सूचना वाचून एखाद्याला वाटेल, त्यापेक्षा घरीच बरे. परंतु घरीच राहण्यालाही किंमत मोजावी लागते. खुर्चीत बसून स्नायू झिजतात, झोप विस्कटते, बोलण्याचे विषय आटतात. १९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतील एका रुग्णालयातील ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून ‘अरण्यस्नान’ या अर्थाच्या नावाने संथ वनविहाराचा पुरस्कार केला आहे. अरण्य रक्तदाबाची गोळी बंद करत नाही, मधुमेह बरा करत नाही. तसा दावा कोणी केल्यास विश्वास ठेवू नये. पण मन हलके होणे, भूक लागणे, रात्री गाढ झोप लागणे एवढे घडले तरी तो लाभ लहान नव्हे.

सहलीची तयारी हेही एक औषधच आहे. ‘दीड महिन्याने चांदोलीला जायचे’ असे ठरले की, जे आजोबा व्यायामाला नाखूश असतात तेच रोज सकाळी स्टेशन रस्त्याने फेरी मारू लागतात, चष्म्याचा नंबर तपासून घेतात, साखर मोजून आणतात. त्यातून एखादा लपलेला विकार उघड झाला, तर बेत मोडला असे मानू नये. उपचार घेऊन तो पुढच्या महिन्यावर न्यावा. आणि खरोखरच चालणे शक्य नसेल, तर काठावर एक खुर्ची टाकता येते. पाणी तेथूनही दिसते.